ट्रॅकच्या गाडीला कायद्यात जागा द्या, तपासणीला मैदान द्या

प्रति,
मा. परिवहन मंत्री, मा. क्रीडा मंत्री व मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

विषय : केवळ बंदिस्त ट्रॅकवर चालवण्यासाठी बांधलेल्या मोटारींची स्वतंत्र नोंद, त्यांची तांत्रिक तपासणी आणि चाचणीसाठी जागा मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि मुंबई भागातले हौशी मोटार शर्यतपटू आणि त्यांच्या गाड्या बांधणारे मिस्त्री, वेल्डर व लेथ कारागीर आहोत. आमच्या चालकांपैकी कुणाचेही पोट शर्यतीवर चालत नाही. नोकरी-धंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून एखादी जुनी झेन, एस्टीम किंवा होंडा सिटी ट्रॅकसाठी उभी करायची आणि जमेल तेव्हा ती ट्रॅकवर पळवायची, एवढा हा छंद आहे. आमचे मागणे थोडक्यात असे : जी गाडी फक्त बंदिस्त ट्रॅकवर धावणार, तिला कायद्याने ओळख द्यावी आणि ती तपासून पाहायला जागा द्यावी. पुढच्या साऱ्या मागण्या यातूनच निघतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रस्त्यावरच्या शर्यतीला आमचा ठाम विरोध आहे. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्या आकड्यात भर घालणाऱ्या कोणालाही आम्ही शर्यतपटू मानत नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 189 नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत किंवा चाचणी हा गुन्हा आहे. त्याची अंमलबजावणी कडक व्हावी, अशीच आमची भूमिका आहे.

कलम 52 बद्दलही आमची तक्रार नाही. आरसी पुस्तकात कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यावरच्या गाडीसाठी हे योग्यच आहे. उलट ट्रॅकची गाडी रस्त्यावर येऊच नये, असे आम्ही स्वतः म्हणतो, आणि त्याला कारण आहे. रोल केजचा, म्हणजे गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या आतल्या पिंजऱ्याचा, लोखंडी पाईप चालकाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर असतो. हेल्मेट घातलेल्या आणि पाच-सहा पट्ट्यांच्या बेल्टने सीटला आवळलेल्या माणसाला तो वाचवतो. साधा बेल्ट लावून बाजारात निघालेल्या माणसाचे डोके मात्र किरकोळ धडकेतही त्याच पाईपवर आदळू शकते.

अडचण इथे सुरू होते. कायद्यात अशा गाडीसाठी वाट आहे, पण ती कुणी मोकळी करत नाही. कलम 2(28) मध्ये ‘मोटार वाहन’ म्हणजे काय ते सांगताना, केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेल्या खास प्रकारच्या वाहनाला त्या व्याख्येतून वगळले आहे. सीट काढलेली, केज बसवलेली, टेल-लाइटच्या जागी पत्रा मारलेली आणि ट्रेलरवरून ट्रॅकवर नेली जाणारी गाडी ही बंदिस्त आवारातलीच गाडी नव्हे तर काय? शिवाय कलम 52 मध्येच विशिष्ट हेतूसाठी बदलास सूट देण्याचा अधिकार केंद्र शासनाला दिलेला आहे. ही दोन्ही कलमे समोर असताना रस्त्यावरची नोंदणी सोडून गाडी ट्रॅकवर आणायची कशी, हे सांगणारे एकही परिपत्रक परिवहन कार्यालयातल्या लिपिकासमोर नसते.

आमच्या संघटनेच्या एका सभासदाने जुन्या एस्टीमची नोंदणी रद्द करून ती कायमची ट्रॅकसाठी ठेवायची ठरवले. कार्यालयाने त्याला दोनच पर्याय दिले. एक तर गाडी भंगारात काढून चासी नंबरचा तुकडा कापून जमा करायचा, नाही तर गाडी कंपनीतून आली तशीच ठेवायची. भंगारात काढायची तर बांधणीचा सगळा खर्च मातीत. तशीच ठेवायची तर केज बसवता येत नाही. अधिकारी सौजन्याने वागले. त्यांच्या हातात नियमच नव्हता. नंबर कापण्याच्या पद्धतीत तर पोलिसांचेच नुकसान आहे. चासी नंबर नसलेली गाडी कुणाची, कुठून आली, हे पुढे कुणालाही शोधता येत नाही. चोरीच्या मालाला याहून सोयीची वाट नसेल.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, परिवहन विभागाने परिपत्रक काढून ‘ट्रॅकपुरते वाहन’ असा स्वतंत्र प्रकार मान्य करावा. नोंदणी रद्द करताना चासी नंबर जागेवरच राहू द्यावा, नंबर प्लेट व आरसी शासनजमा करावी आणि गाडीला एक नोंदवही द्यावी. त्या वहीत मालक, इंजिन, केज, प्रत्येक तपासणी आणि प्रत्येक अपघाताची नोंद राहील. असे वाहन ट्रेलर किंवा फ्लॅटबेडवरूनच न्यावे, स्वतःच्या चाकांवर ते रस्त्यावर दिसल्यास जप्त करावे, ही अट आम्हाला मान्य आहे. ब्रिटनमध्ये मालक गाडी रस्त्यावर नसल्याचे अधिकृतपणे जाहीर करतो. मग तिला रस्त्याचा कर आणि विमा लागत नाही, आणि ती सार्वजनिक रस्त्यावर चालवताही येत नाही. आपल्याकडे एवढी साधी व्यवस्था करायला कायद्यात बदल करण्याचीही गरज नाही.

दुसरी मागणी बांधणीच्या दर्जाविषयी आहे. जीव वाचतो की जातो हे इथेच ठरते, म्हणून हा भाग जरा विस्ताराने मांडतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत लेथ आणि वेल्डिंगची कामे उत्तम होतात, हे सांगायला आम्ही नकोत. पण रोल केज म्हणजे घराचे ग्रिल नव्हे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, परिशिष्ट जे मधील कलम 253 प्रमाणे पाईप कोल्ड-ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलचा लागतो आणि त्याची किमान ताणशक्ती प्रति चौरस मिलिमीटर 350 न्यूटन असावी लागते. चालकाच्या पाठीमागची मुख्य कमान 45 मिमी व्यासाची आणि अडीच मिमी जाडीची, किंवा 50 मिमी व्यासाची आणि दोन मिमी जाडीची. बाजारात वरून अगदी तसाच दिसणारा, पण शिवण असलेला स्वस्त पाईप सहज मिळतो. रंग मारल्यावर दोन्हीतला फरक डोळ्यांना कळत नाही. गाडी उलटली की मगच कळतो.

वेल्डिंगची गोष्ट आणखी अवघड आहे. केज छताला जितकी चिकटून तितकी चांगली. पण मग छताला लागून असलेल्या सांध्याच्या वरच्या अर्ध्या भागापर्यंत वेल्डिंगची टॉर्च पोहोचतच नाही. जाणकार मिस्त्री गाडीच्या तळाला भोके पाडून अख्खी केज काही इंच खाली सोडतो, वरचे सांधे पूर्ण गोल फिरवून जोडतो, मग केज उचलून खाली तीन मिमीच्या पट्ट्या बसवून तिचे पाय पक्के करतो. घाईतला कारागीर समोरून दिसणारा अर्धा सांधा जोडतो आणि वरून पुट्टी फासतो. तपासणाऱ्याने छत आणि पाईप यांच्यामध्ये लहान आरसा धरून पाहिले, तर ही चोरी दोन मिनिटांत उघडी पडते. तो आरसा धरणारा माणूस आज आमच्याकडे नाही. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेच्या शर्यतींत असे तपासनीस असतात. परंतु गाडी शर्यतीच्या दारात पोहोचेपर्यंत केज बनून, रंगून तयार झालेली असते. तिथे ती नाकारली तर मालकाचे नुकसान होते, आणि डोळेझाक करून पास केली तर त्याचा जीव धोक्यात येतो.

म्हणून बांधणी सुरू असतानाच, रंग मारण्यापूर्वी, प्रशिक्षित तपासनीस गॅरेजमध्ये येऊन सांधे पाहील, अशी व्यवस्था हवी. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये, आयटीआय आणि फेडरेशन यांनी मिळून असे तपासनीस आणि प्रमाणित वेल्डर तयार करावेत. त्यासाठी शासनाने पुढाकार घ्यावा. आपल्या राज्यातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी स्वतः बांधलेली फॉर्म्युला गाडी घेऊन कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेला जातात. हातात कौशल्य असलेली ही मुले पदवी घेतल्यावर या क्षेत्रात राहत नाहीत, कारण इथे त्यांना कामच नाही.

आता तिसरी मागणी. आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची हीच आहे : चाचणीसाठी जागा.

गाडी बांधून झाली की ती लगेच शर्यतीला योग्य होत नाही. नवे ब्रेक पॅड डिस्कवर बसावेत म्हणून चांगल्या वेगातून पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारून ते तापवावे लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. डॉट 3 प्रतीचे नवे ब्रेक ऑइल 205 अंश सेल्सिअसला उकळते, पण हवेतला ओलावा शोषलेले तेच तेल 140 अंशांच्या पुढे टिकत नाही. उकळले की पाईपमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. दोन चकरा निर्धोक गेलेली गाडी तिसऱ्या चकरेत थांबत नाही, ती यामुळे.

इंजिनचे दुखणे वेगळे. साध्या गाडीच्या ऑइल संपमध्ये लांबलचक उजव्या वळणावर तेल डावीकडे सरकते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो. तो दिवा पाहून जो थांबला, त्याचे इंजिन वाचले. संपमध्ये आडव्या पट्ट्या टाकून त्याला पुढे जाता येते. ज्याने पाहिला नाही, त्याची बेअरिंग गेली आणि ट्रॅकवर तेल सांडले. मागून येणाऱ्या गाड्या त्या तेलावरून घसरतात. टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या कडेचे तापमान मोजून चाकांचा कोन ठरवायचा असतो, आणि ते काम वेगात वळण घेऊन आल्याबरोबरच होते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर यातले काहीच कळत नाही.

मग आज ही चाचणी होते कुठे? खरे बोलायचे तर पुष्कळ जण ती रात्रीच्या रिकाम्या महामार्गावर किंवा अजून खुल्या न झालेल्या रस्त्यावर करतात. आमच्या संघटनेत याला मनाई आहे. पण नुसत्या मनाईने ज्याला कुठेच जागा नाही त्याची सोय होत नाही. चारचाकींसाठी पूर्ण लांबीचे ट्रॅक आपल्यापासून दूर आहेत : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला. पुण्याहून चेन्नईला ट्रेलरवर गाडी न्यायची म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. तो खर्च करून कोणी फक्त ब्रेक तापवायला जात नाही.

आणि हा तर वाहन उद्योगाचा प्रदेश आहे. पुण्यात 1966 पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचे चाचणी केंद्र आहे, चाकणला कारखान्यांची रांग आहे. सुटीच्या दिवशी ही चाचणी-मैदाने भाडे घेऊन, त्यांच्याच सुरक्षा नियमांखाली आम्हाला उपलब्ध करून द्यावीत, यासाठी राज्य शासनाने केंद्राकडे व उद्योगांकडे शब्द टाकावा. तसेच नियमित विमानसेवा नसलेल्या धावपट्ट्यांपैकी निदान एक, विमान वाहतूक खात्याच्या परवानगीने, ठरावीक शनिवार-रविवारी चाचणीसाठी द्यावी. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. चेन्नईजवळच्या शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर अनेक दशके मोटार शर्यती होत होत्या, आणि ब्रिटनमधले सिल्व्हरस्टोन हेही मूळचे युद्धकाळातले विमानतळच. पुढे राज्यात कायमचा ट्रॅक व्हावा ही इच्छा आहेच, पण त्याची वाट पाहत आम्ही बसणार नाही. आज धावपट्टीवरही पुष्कळ काम होईल.

चौथी मागणी परवानगी आणि विमा यांची. मोटार विम्यातून संघटित शर्यत व वेगचाचणी स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. त्यामुळे चाचणीच्या दिवशी चालक, मार्शल आणि प्रेक्षक यांना विम्याचे छत्र नसते. मान्यताप्राप्त चाचणी-दिवसांसाठी सामूहिक अपघात विमा मिळावा म्हणून शासनाने विमा कंपन्यांशी बोलावे. परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून एकाच अर्जावर मिळावी. रुग्णवाहिका, डॉक्टर, अग्निशमन यंत्रणा आणि झेंडे दाखवणारे मार्शल यांच्याशिवाय परवानगी देऊच नये. बैलगाडा शर्यतीसाठी याच राज्याने कायदा दुरुस्त केला, नियम केले, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची पद्धत आखली, आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. धोका असलेला खेळ नियमांत कसा बसवायचा, याचा अनुभव आपल्या प्रशासनाजवळ आहे. तमिळनाडू शासनाने 2024 मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची फॉर्म्युला शर्यत भरवली. आम्ही एवढे मागत नाही.

मुंबईचा जेहान दारूवाला 2020 मध्ये साखिरला फॉर्म्युला 2 ची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. त्या पातळीवर जायला परदेशातला खर्च लागतो, तो साऱ्यांना झेपणारा नाही. जुन्या एस्टीमवर शिकू पाहणाऱ्या कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या मुलाला निदान घराजवळ, कायद्याच्या चौकटीत शिकता यावे.

या मागण्यांच्या बदल्यात आम्ही लेखी हमी देतो. आमचा जो सभासद रस्त्यावर शर्यत किंवा चाचणी करताना आढळेल, त्याचे सभासदत्व कायमचे रद्द होईल आणि त्याच्या गाडीची माहिती आम्ही स्वतः पोलिसांना देऊ. प्रत्येक चाचणी-दिवशी वेगाच्या आधी तपासणी होईल आणि नापास गाडी ट्रेलरवरून खाली उतरणार नाही. गाडी ट्रॅकवर नेण्यापूर्वी तिच्या रेडिएटरमधले कूलंट काढून साधे पाणी भरलेले असेल, कारण कूलंट सांडले तर ट्रॅक निसरडा होतो. तेलाचा साठवण-डबा, बॅटरी तोडणारे बटण आणि टोइंगचे हुक नसलेली गाडी आम्ही ट्रॅकवर सोडणार नाही. तपासणीचा खर्च आणि मैदानाचे भाडे आमचे आम्ही भरू.

आपण परिवहन, क्रीडा आणि गृह विभागांची एकत्र बैठक बोलवावी, ही विनंती. त्या बैठकीला आम्ही कायद्याची कलमे, नोंदवहीचा नमुना आणि परिपत्रकाचा मसुदा घेऊन येऊ. एक अर्धवट बांधलेली, रंग न मारलेली गाडीही ट्रेलरवरून आणू, म्हणजे सांध्यामागे आरसा धरून आपले अधिकारी स्वतः पाहू शकतील.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य