चोर सोडून संन्याशाला फाशी : इंटरनेटच्या स्वातंत्र्याचा एक दुर्लक्षित धागा

१/ सप्टेंबर १८९७. मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, हे आपण शाळेतच शिकतो. त्या खटल्यात दुसरेही एक आरोपी होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते होते ‘केसरी’चे मुद्रक केशव महादेव बाळ. त्यांची निर्दोष मुक्तता झाली. लिहिणाऱ्याच्या शब्दांसाठी छापणाऱ्याला किती जबाबदार धरावे? इंटरनेटच्या धोरणातील सर्वांत मोठा प्रश्न आजही हाच आहे.

२/ आता अमेरिकेत येऊ. १९९१ साली ‘कॉम्प्युसर्व्ह’ या ऑनलाइन सेवेवर बदनामीचा दावा झाला. न्यायालयाने म्हटले, ही कंपनी पुस्तकविक्रेत्यासारखी आहे. दुकानातले प्रत्येक पुस्तक तिने वाचावे, अशी अपेक्षा धरता येणार नाही. कंपनी सुटली.

३/ चारच वर्षांनी उलटे घडले. ‘प्रॉडिजी’ या सेवेच्या चर्चामंचावर एका अनामिकाने स्ट्रॅटन ओकमाँट या दलाली पेढीवर फसवणुकीचा आरोप केला. प्रॉडिजी आपल्या मंचावरचा अश्लील व शिवराळ मजकूर काढून टाकत असे. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नेमके याच कारणाने तिला ‘प्रकाशक’ ठरवून जबाबदार धरले. अर्थ असा की, ज्याने अंगण झाडायला घेतले, तोच कचऱ्याचा धनी! पुढे त्या पेढीचा संस्थापक खरोखरच फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, ही नियतीची थट्टा.

४/ या विसंगतीवर उपाय म्हणून रिपब्लिकन ख्रिस कॉक्स आणि डेमोक्रॅट रॉन वायडन यांनी एकत्र येऊन एक तरतूद मांडली. तिचा गाभा इंग्रजीत अवघ्या २६ शब्दांचा. दुसऱ्याने पुरवलेल्या मजकुराचा ‘प्रकाशक’ म्हणून सेवा देणाऱ्याला धरू नये, एवढेच त्यात म्हटले आहे. हेच ते कलम २३०.

५/ हे कलम ज्या कायद्यातून आले, त्याच कायद्याने ‘असभ्य’ मजकुरावर फौजदारी बंदीही घातली होती. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची स्वाक्षरी झाली आणि त्याच दिवशी दावोसहून जॉन पेरी बार्लो यांनी सायबरविश्वाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. सरकारांनो, येथे तुमची सत्ता नाही, असा त्याचा सूर. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बंदीची कलमे रद्द केली. कलम २३० मात्र टिकले.

६/ येथे आम्हा स्वातंत्र्यवाद्यांनी प्रामाणिकपणे एक कबुली दिली पाहिजे. बार्लो यांचे स्वप्न देखणे होते, पण इतिहास म्हणून ते अपुरे होते. इंटरनेटचे मूळ अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांत आहे आणि त्याचे स्वातंत्र्य एका कायद्याच्या कलमावर उभे आहे. म्हणून ‘कायदा नकोच’ हा आपला युक्तिवाद असू शकत नाही. ‘जो बोलला त्यालाच जाब विचारा’, असे सांगणारा कायदा आपल्याला हवा आहे.

७/ याची किंमतही कोणी तरी मोजतो. ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटानंतर कोणा अनामिकाने त्या हत्याकांडाची थट्टा करणाऱ्या जाहिराती ‘अमेरिका ऑनलाइन’वर टाकल्या आणि खाली सिएटलच्या केनेथ झेरान यांचा दूरध्वनी क्रमांक दिला. त्यांना धमक्यांचे फोन येत राहिले. त्यांनी कंपनीवर दावा लावला, पण १९९७ साली कलम २३०मुळे ते हरले. ज्यांना ही हार बोचत नाही, त्यांनी स्वातंत्र्यावर व्याख्याने देऊ नयेत.

८/ तरीही न्यायालयाचा तर्क मला पटतो. केवळ तक्रार आली म्हणून कंपनी जबाबदार ठरू लागली, तर ती शहानिशा करत बसणार नाही, सरळ मजकूर पुसून मोकळी होईल. मग ज्याच्याकडे वकील, त्याच्याच हाती खोडरबर.

९/ २०१८ मध्ये देहविक्रीसाठी होणारी मानवी तस्करी रोखण्याच्या हेतूने कलम २३० थोडे सैल केले गेले. हेतू निर्विवाद चांगला. पण क्रेगलिस्टने आपला व्यक्तिगत जाहिरातींचा विभागच बंद करून टाकला. याउलट २०२१ मध्ये फेसबुकचे मार्क झुकेरबर्ग यांनी स्वतःच सुचवले की, हे संरक्षण सशर्त असावे. नियमपालनाचा खर्च बड्यांना परवडतो, धाकट्यांना बुडवतो. परवाना राज पाहिलेल्या आपल्या पिढ्यांना हे वेगळे सांगायला नको.

१०/ आपल्याकडे २००४ साली एका ग्राहकाने विक्रीस ठेवलेल्या अश्लील चित्रफितीपायी ‘बाझी’ या संकेतस्थळाच्या प्रमुखालाच अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली. तिने कलम ७९ अन्वये मध्यस्थांना संरक्षण दिले आणि त्याच दुरुस्तीने कलम ६६अ सुद्धा आणले. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले.

११/ नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींनाही अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ६६अ रद्द केले. मजकूर हटवण्याची सक्ती न्यायालयाच्या वा सरकारच्या रीतसर आदेशानेच होईल, असेही त्याच निकालाने सांगितले.

१२/ सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, सरकारी कारभाराविषयी खरे काय आणि खोटे काय हे सरकारी कक्षानेच ठरवण्याची तरतूद असलेला नियम रद्द केला. ज्या न्यायालयात १८९७ साली मुद्रक सुटले, त्याच न्यायालयात.

१३/ इंटरनेटवर वाईट बोलले जाणार नाही, असे वचन कोणताही स्वातंत्र्यवादी देऊ शकत नाही. आपली मागणी साधी आहे : गुन्हा बोलणाऱ्याचा असेल तर त्यालाच शोधा. ते कठीण आहे, म्हणून फळा पुरवणाऱ्याला धरणे हा न्याय नव्हे. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्या राज्यात पहिल्यांदा संन्यासी नाहीसे होतात आणि चोर तेवढे उरतात.