इतिवृत्त की अध्यक्षवृत्त?

कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस जो एकदा तरी गेला असेल, त्यास पुढे तिचे इतिवृत्त वाचून आपण त्या सभेस खरोखरच हजर होतो काय, असा संशय आल्यावाचून राहणार नाही. एखादा वृद्ध भागधारक ताळेबंद हाती धरून उभा राहतो, नफा घटला असता संचालकांचे वेतन का वाढले असे आकडे काढून विचारतो, अध्यक्ष अडखळतात. आणि वहीत उमटते ते एवढेच की, सभासदांच्या प्रश्नांस अध्यक्षांनी समाधानकारक उत्तरे दिली. ती समाधानकारक होती हे ठरविले कोणी? ज्याने दिली त्यानेच!

दोष बिचाऱ्या चिटणिसाचा नव्हे. तो कायद्यातच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे ११८ वे कलम प्रथम कामकाजाचा रास्त व बिनचूक सारांश मागते, आणि लगेच पुढे, अध्यक्षांच्या मते जे बदनामीकारक, अप्रस्तुत अथवा कंपनीच्या हितास बाधक असेल ते इतिवृत्तात येता कामा नये, असे बजावते. याबाबत अध्यक्षांची मुखत्यारी निरंकुश! संचालक मंडळाच्या सभेत ठरावास विरोध करणाऱ्या संचालकाचे नाव लिहिलेच पाहिजे. भागधारकाच्या विरोधास मात्र तशी हमी नाही. बरे, ही वही म्हणजे नुसते टिपण नव्हे. तेच कलम तिला कामकाजाचा पुरावा मानते. म्हणजे ज्याला जाब विचारावयाचा, त्यानेच साक्षीदाराची जबानी लिहून घ्यावयाची! वहीत मागाहून फेरफार करणारास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्या मताने आधीच गाळणारा अध्यक्ष मात्र कायद्याच्या आश्रयाने निर्धास्त.

शब्दन्‌शब्द लिहू लागल्यास वह्या पुरावयाच्या नाहीत, असा आक्षेप येतो. सभेत चहाफराळाची स्तुती करणारे महाभाग असतात, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु २०२० साली साथीमुळे सभा व्हिडिओद्वारा भरू लागल्या, तेव्हा सरकारने सार्वजनिक कंपन्यांस अशा सभांचा ध्वनिमुद्रित वृत्तान्त आपल्या संकेतस्थळावर ठेवण्यास सांगितले. त्याने कोणती कंपनी बुडाली? मग दिवाणखान्यात भरणाऱ्या सभेसच ही सूट कशास? प्रश्न, विचारणाराचे नाव व उत्तर जसेच्या तसे नोंदवावे. काही गाळलेच, तर गाळल्याची व कारणाची नोंद ठेवावी.

कायदा बदलेपर्यंत भागधारकाने स्वस्थ बसू नये. ११९ व्या कलमाप्रमाणे सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त नोंदणीकृत कार्यालयात विनामूल्य पाहता येते, आणि फी भरून मागितल्यास सात कामाच्या दिवसांत प्रत मिळाली पाहिजे. पुढील सभेस जाताना ती प्रत खिशात असू द्यावी.