रस्त्याचं वर्ष जूनला सुरू होतं
जव्हार-मोखाड्यात रस्त्याचं वर्ष जूनला सुरू होतं. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. जव्हारला १९१८ पासून नगरपरिषद आहे. तरी तिथल्या चढउताराच्या गल्ल्यांतही पाणी मिळेल त्या वाटेने धावतं. डांबराचा खरा वैरी साचलेलं पाणी, म्हणून नव्या रस्त्याचा नारळ फोडणाऱ्यांपेक्षा मला मे महिन्यात गटारं नि मोऱ्या उपसणारी माणसं फार मोठी वाटतात. पावसात खड्ड्यांत खडी-मुरूम टाकून वेळ निभवायची, दरड आली की हटवायची. डांबर धरतं ते पाऊस उघडल्यावरच. आणि नेमकी तेव्हाच, भातकापणी उरकून, इथली वारली, कोकणा, कातकरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. हे तालुके ज्यात येतात तो पालघर जिल्हा २०१४ साली झाला. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीतून एका बाळंतिणीला रस्ता नसल्याने डोलीतून न्यावं लागलं. तिची जुळी बाळं वाचली नाहीत. रोजगार हमीचं काम दिवाळीआधी गावात पोचलं आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर वीटभट्ट्यांवर जाणारी कित्येक घरं थांबतील, आपल्याच पाड्याचा रस्ता बांधतील. त्यासाठी अंदाजपत्रकं भर पावसातच मंजूर झाली पाहिजेत.