मामांचा बंपर

ट्रक मी झाडावर घातला, झाड काही ट्रकवर आलं नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण सोमवारी ऑफिसात किस्सा सांगताना मी वाक्यं जरा इकडची तिकडे केली होती.

तर त्याचं असं झालं. लाँग वीकेंड होता. पुण्याहून साताऱ्याला, तिथून कण्हेर धरणाच्या कडेकडेनं मेढ्याला, मामांकडे. मामांच्या अंगणात एक ‘शक्तिमान’ उभा आहे. टीव्हीवरचा नव्हे हो, मिलिटरीचा ट्रक! जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला हे ट्रक बनायचे, १९९६ मध्ये बंद झाले. मामा फौजेत ड्रायव्हर होते, आयुष्यभर हीच गाडी चालवली. (सातारा जिल्ह्यात फौजी मामा नसणं हीच बातमी!) रिटायर झाल्यावर लिलावातला एक घेऊन आले. पासिंग कधीच संपलंय, रस्त्यावर नेत नाहीत. पण महिन्यातून एकदा अंगणातल्या अंगणात पुढे-मागे करून ठेवतात.

म्हणजे, ठेवायचे. काचबिंदूनं आता त्यांच्या नजरेची कड गेलीय. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. म्हणून यंदा किल्ली माझ्याकडे. पॉवर स्टिअरिंगवर वाढलेला मी त्या क्लचवर अक्षरशः उभा राहिलो, पाय घसरला आणि गाडी जांभळावर. बंपरचं डावं टोक टायरच्या दिशेनं आत वळलं.

‘मामा, साताऱ्याहून नवीन मागवू, पैसे मी देतो,’ मी लगेच म्हटलं. आमचा हा ठरलेला इलाज. माझ्या कारचा बंपर गेला तेव्हा फॉर्म भरला, कॉफी प्यायलो, संध्याकाळी नवा! आतला पत्रा आणि फोम धक्का खायला असतो, बाहेरचं प्लास्टिक बदलून टाकायचं.

‘ह्यो काय बाजारात मिळतोय व्हय? खोल,’ मामा म्हणाले.

खोल म्हणणं सोपं असतं. रात्रभर बोल्टांवर डिझेल सोडून ठेवलं, सकाळी पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घालून लोंबकळलो. चारातले तीन सुटले, चौथा मिस्त्रींनी गॅसनं कापला.

बंपर उतरल्यावर वाटलं, चला, आता ठोका. पण मामांनी आधी सुतळी मागितली. बंपर वाकला तर वाकला, चेसिस वाकली असेल तर गाडी कायमची एका अंगाला ओढणार. म्हणून पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या पाट्याच्या खुंटीपर्यंत सुतळी धरायची, मग उलट बाजूनं तशीच. दोन्ही कर्ण सारखे आले तर चेसिस सरळ. दहावीची भूमिती बावीस वर्षांनी अशी भेटली! दुसऱ्या टोकाला मामा होते. त्यांना सुतळीवरची गाठ दिसत नव्हती. ते बोटांनी चाचपत, वितीनं मोजत होते. तेवढा वेळ मी देवाचं नाव घेत होतो. बंपर मी भरून दिला असता, चेसिस कुठून आणणार होतो?

‘सारखंच हाय,’ मामा म्हणाले. तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

मग खरं काम. मिस्त्रींनी एक जाड गर्डर आणला. बंपरची फुगीर बाजू त्याच्याकडे करून दोन्ही टोकं साखळीनं गर्डरला बांधली आणि मध्ये, नेमक्या फुगवट्यावर, जॅक लावला. साखळीवर ओलं पोतं टाकलं. तुटली तर ती गोळीसारखी येते म्हणे, आणि तिच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. थंड लोखंड दाबलं की सरळ व्हायचं, जॅक सोडला की थोडं परत यायचं. शेवटी वाक गॅसनं लालबुंद तापवून दाबला. मी उत्साहानं पाण्याची बादली उचलली, तर दोघे एकदमच ओरडले. तापलेलं लोखंड आपसूक निवू द्यायचं, पाणी मारलं की कडक होऊन पुढे तडकायची भीती.

निवायला तासभर गेला. तेवढ्यात मामीनं पिठलं-भाकरी आणली.

पूर्ण सरळ नाही झाला. डाव्या टोकाला बोटभर बाक उरलाय. मिस्त्री म्हणाले, अजून एकदा तापवू. मामांनी त्या बाकावरून एकदा, दोनदा हात फिरवला. ‘ऱ्हाऊ दे. ह्यो भाच्याचा,’ म्हणाले. मामी फस्सकन हसली.

नव्या बोल्टांवर बंपर चढवला. मला वाटलं, सुटलो. मामा मात्र पलीकडून चाचपत वर चढले, क्लीनरच्या जागी बसले आणि काचेतून नाकासमोर बघत म्हणाले, ‘हां. झाडापाशीच लावायचीय. क्लच सावकाश सोड.’