शार्क किनाऱ्याला आला, की आपण पाण्यात गेलो?

मे महिना आला की आमच्या टीमचे अलिबाग-काशिदचे प्लॅन सुरू होतात. आणि नेमका तेव्हाच कोणीतरी शार्कचा व्हिडिओ फॉरवर्ड करतो: "उन्हाळ्यात शार्क किनाऱ्याजवळ येतायत, पाण्यात जाऊ नका!" यंदा मी जरा खोलात शिरलो. (पाण्याच्या नाही, विषयाच्या!)

आपल्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. युजर वाढले की बग रिपोर्ट वाढतात, म्हणून बग वाढलेले असतातच असं नाही. उन्हाळ्यात पाण्यात माणसंच जास्त असतात, शिवाय हातात मोबाईल आणि डोक्यावर ड्रोन. बाकी कारणंही आहेतच. पाणी तापलं की माशांचे थवे जागा बदलतात आणि शार्क त्यांच्यामागे जातात. अमेरिकेत १९७२च्या कायद्यामुळे सील वाचले, वाढले, आणि केप कॉडच्या किनाऱ्याला पांढरे शार्क परतले. पण जगभरात शार्कने आपणहून माणसाला चावल्याच्या नोंदी किती? २०२३मध्ये ६९, २०२४मध्ये ४७. उलट खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकट १९७०पासून तब्बल ७१ टक्क्यांनी घटलेत.

"ते अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय?" तर फेब्रुवारी २०२४मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. त्याच्यावर गुदरलं ते भयंकरच. तो बुल शार्क नंतर मेलेला सापडला. ती मादी होती, आणि बातम्यांप्रमाणे गाभण होती. बुल शार्क गोड्या पाण्यातही राहू शकतो. त्याची पिल्लं खाडीच्या तोंडाशी, नदीत वाढतात, कारण तिथे त्यांना खाणारे मोठे मासे कमी. म्हणजे आपण जिला घुसखोर म्हणतोय, ती बहुधा बाळंतपणाला आलेली होती.

आमच्या ओव्यापासून पनवेलची खाडी काही लांब नाही. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, भराव टाकला, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. खाडी आणि कांदळवन म्हणजे माशांचं पाळणाघर. ते बुजवायचं आणि वर "शार्क जवळ आले" म्हणून ओरडायचं, हे काही मला पटत नाही.

आणि ताटातलंही बोलू. मोरी मीही आवडीने खातो, आमच्याकडे ती बाळंतिणीला मुद्दाम देतात. बाजारातली प्रत्येक छोटी मोरी पिल्लूच असते असं नाही, एक जात मुळातच दोन-अडीच फुटांपुढे फारशी वाढत नाही. पण हातोड्यासारख्या डोक्याचं छोटं दिसलं तर ते नक्की पिल्लू. मागच्या रविवारी तसं एक टोपलीत दिसलं. मावशींना म्हटलं, "हे नको, दुसरं काही द्या." मावशी हसल्या. बोंबील घेऊन घरी आलो.

असो. काशिदला मात्र जाणार आहे, पाण्यातही उतरणार आहे. भीती शार्कची नाही, तो कधी दिसलाच नाही तर काय याची आहे.