लोकरीचा धागा

लेक न्यूयॉर्कला निघायची होती त्या आठवड्यात आईनं विचारलं, "किती लांब गं ते?" मी म्हटलं, साडेबारा हजार किलोमीटर. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "तसं नको. किती तास, ते सांग." वाईहून पुणंही तिनं कधी किलोमीटरमध्ये मोजलेलं नाही. पुणं म्हणजे एसटीचे अडीच तास.

मग माळ्यावरून लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल काढला. आईच्या विणकामातला पिवळ्या लोकरीचा धागा घेतला. मुंबईवरचं टोक तिनं अंगठ्याखाली दाबून धरलं, न्यूयॉर्कवरचं मी. दोघींचीही समजूत अशी, की वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी पश्चिमेला सरळ जाणार. पण तसा लावायला धागा दोन-तीन बोटं जास्त लागे, आणि जरा ताणला की सरकत सरकत वर चढे : सिंध, अफगाणिस्तान, थेट मॉस्कोजवळून नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग कॅनडावरून खाली. भिंतीवरच्या सपाट नकाशानं इतकी वर्षं मला चुकीची वाट दाखवली होती.

तरी ही झाली धाग्याची वाट. आकाशाला वेशी असतात. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या कित्येक विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. अंतर तेच, पण घरी वाट पाहणाऱ्यांचे तास वाढले.

आईचा पुढचा प्रश्न मला जास्त आवडला. जाताना १६ तास आणि येताना १४, हे कसं? वाट तर एकच! पृथ्वी फिरते म्हणून, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरतेच. खरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात, कधी ताशी दोनशे किलोमीटरहूनही वेगानं. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात फुगे सोडसोडून हा वारा मोजला आणि १९२६मध्ये अहवाल छापला तो एस्पेरांतो भाषेत, जगानं वाचावा म्हणून. जगानं तेव्हा तो वाचला नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट हजारभर किलोमीटरहून जास्तच लांबली, सुमारे १५,३०० किलोमीटर झाली. पण वारा पाठीशी असल्यानं साडेचौदा तासांत विमान पोचलं. आईला हे सांगितलं तेव्हा ती विणता विणता थांबली. "म्हणजे लांबची वाट जवळची झाली."

त्या दिवसापासून तिनं तास मोजायची वही घातली. लेक निघाली की वेळ लिहायची, उतरल्याचा फोन आला की पुन्हा लिहायची. मुंबईहून वाईचे सहा तास वेगळे.

परवा लेक परत आली. विमान चाळीस मिनिटं आधीच उतरलं. आईनं चष्मा लावून वहीत आकडा लिहिला. "वारा चांगला लागला पोरीला," म्हणाली आणि खिचडीसाठी डाळ-तांदूळ धुवायला उठली.