कातडीखालचा बाजार

जो वायू माणूस श्वासागणिक फुकट बाहेर टाकतो, तोच सुईने आपल्या कातडीखाली भरून घेण्यासाठी मोठ्या शहरांतील सुखवस्तू, आणि आता बेताच्या मिळकतीच्याही, स्त्रिया हजारो रुपये मोजू लागल्या आहेत. ह्या उपचाराला ‘कार्बॉक्सीथेरपी’ असे भारदस्त नाव आहे. कार्बन डायॉक्साइडची एक टाकी, तो मोजून सोडणारे एक यंत्र, एक नळी आणि एक बारीक सुई, एवढेच त्याचे साहित्य. डोळ्यांखालची काळी वर्तुळे, बाळंतपणानंतर पोटावर राहिलेले व्रण, मांड्यांवरची खळगे पडलेली चरबी, सैल झालेली हनुवटी, ह्या सर्वांवर तो चालतो असे सांगण्यात येते. एका बैठकीने भागत नाही. बैठकांचा संच घ्यावा लागतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

असल्या विषयाला समाजवादी साप्ताहिकात जागा कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांना पडेल. श्रीमंतांची थेरे म्हणून तो सोडून द्यावा, असे एक मत आहे. नटव्या बायकांची चेष्टा करून मोकळे व्हावे, असे दुसरे. दोन्ही मते सारखीच आळशी आहेत. पहिल्या मताला वैद्यकाचा बाजार कोठून कोठे पसरतो ते दिसत नाही. दुसरे मत तर त्या बाजाराचेच काम करते. कारण स्त्रीला तिच्या शरीराची लाज वाटावी ह्यासाठी जो हसतो, तो सौंदर्य-दवाखान्याचा बिनपगारी दलाल असतो.

झऱ्यापासून दुकानापर्यंत

ह्या वायूचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मध्य फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ ह्या टायरांच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या शहराला लागून रुआया नावाचे गाव आहे. विझलेल्या ज्वालामुखींच्या त्या मुलखात झऱ्यांच्या पाण्याबरोबर कार्बन डायॉक्साइड वर येतो. रोमन काळापासून तेथे लोक स्नानाला येत आले. १९३२ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी हा वायू रोग्यांच्या कातडीखाली टोचण्यास आरंभ केला. हे रोगी म्हणजे पायांच्या धमन्या अरुंद झालेली माणसे. चार पावले चालताच ज्यांच्या पोटऱ्या धरत, ज्यांच्या पायावरची जखम भरून येत नसे, आणि ज्यांच्यापुढे शेवटी पाय कापण्याचा प्रसंग उभा राहण्याची भीती असे. १९५३ साली रोमफ नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाने वीस वर्षांच्या अनुभवावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला.

ह्या उपचारामागची कल्पना हास्यास्पद नाही. कार्बन डायॉक्साइड वाढला की रक्तातील हिमोग्लोबिन आपल्याजवळचा प्राणवायू अधिक सहजपणे सोडून देते, हे डेन्मार्कच्या ख्रिस्तियान बोर ह्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९०४ साली दाखवून दिले. हा वायू बारीक रक्तवाहिन्या रुंदावतो, हेही खरे. राबणाऱ्या स्नायूला रक्तपुरवठा वाढवून देण्याची निसर्गाची ही रीत आहे. रक्त न पोचणाऱ्या पायाला तिचा काही उपयोग करून द्यावा, हा विचार डॉक्टरला शोभणारा होता.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे खर्च कोणी उचलला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये सामाजिक विम्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिने झऱ्यांवरील उपचार डॉक्टरांच्या चिठ्ठीने होत असल्यास त्याच्या खर्चाचा मोठा भाग उचलला, आणि आजही उचलते. चेकोस्लोव्हाकियात मारियान्स्के लाझ्नेसारखी आरोग्यस्थाने एके काळी युरोपातील राजेमहाराजांची व धनिकांची विश्रामधामे होती. १९४८ नंतर ती राष्ट्राच्या मालकीची झाली आणि कामगार-कर्मचारी तेथे उपचारासाठी पाठवले जाऊ लागले. तेथेही जमिनीतून येणाऱ्या ह्याच वायूची इंजेक्शने देण्याची पद्धत रूढ आहे. त्या राजवटीचे इतर दोष कितीही असोत, आणि ते थोडे नव्हते, हा वायू दुखऱ्या पायासाठी आणि सार्वजनिक खर्चाने वापरावयाचा आहे एवढे तिला कळत होते.

पुढे ह्या सुईची दिशा बदलली. गेल्या शतकाच्या अखेरीस इटलीत व लॅटिन अमेरिकेत सौंदर्यव्यवसायाने ती हाती घेतली, आणि कामगाराच्या पोटरीतून निघालेली सुई गिऱ्हाइकाच्या मांडीत शिरली. वायू बदलला नाही, शरीरशास्त्र बदलले नाही. बदलला तो केवळ हेतू. पायाचा रोगी उत्पन्नाच्या दृष्टीने वाईट असतो. तो बहुधा म्हातारा असतो, गरीब असतो, आणि बरा झाला तर परत येत नाही. उलट आपल्या शरीरावर असंतुष्ट असलेली निरोगी व्यक्ती हे कधीही न संपणारे गिऱ्हाईक होय.

पुरावा काय सांगतो

२००१ साली इटलीतील डॉक्टरांनी ४८ स्त्रियांवर हा उपचार करून मांड्या व पोटाचा घेर कमी झाल्याचे प्रसिद्ध केले. जाहिरातदारांनी त्या निबंधाचा आधार वर्षानुवर्षे घेतला. परंतु उपचार न घेतलेल्यांशी तुलना केल्यावाचून उपचाराचा गुण कोणता आणि आशेचा, आहाराचा व मोजपट्टीचा गुण कोणता, हे कळण्यास मार्ग नसतो. ही तुलना अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी केली आणि २०१८ साली प्रसिद्ध केली. १६ व्यक्तींच्या पोटाच्या एका बाजूस वायू टोचण्यात आला आणि दुसऱ्या बाजूस केवळ तसा देखावा करण्यात आला. आठवड्यास एक याप्रमाणे पाच आठवडे उपचार झाल्यावर वायूच्या बाजूची चरबी किंचित कमी भरली. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पाहिले, तर दोन्ही बाजूंत फरक उरला नव्हता. वजनही घटले नव्हते.

पाच आठवडे सुया सोसून मिळवलेले फळ सहा महिनेही टिकत नाही. प्रामाणिक वैद्यकाने यावरून उपचार अद्याप कच्चा आहे, एवढाच निष्कर्ष काढला असता. व्यापाराचा निष्कर्ष निराळा असतो: फळ टिकत नाही, म्हणून गिऱ्हाइकाने पुन्हा पुन्हा यावे. वैद्यकातला दोष ही धंद्यातील जमेची बाजू ठरते.

‘हा तर आपल्या शरीरातलाच वायू, त्याने काय अपाय होणार?’ असा युक्तिवाद केला जातो. वायू थोड्याच वेळात रक्तात विरघळून फुप्फुसावाटे बाहेर पडतो, हे खरे आहे. तथापि टोचताना वेदना होतात, कातडी फुगून बोटाखाली करकरते, रक्त साकळून डाग पडतात. आणि हृदय, फुप्फुसे किंवा मूत्रपिंडे गंभीर रीतीने बिघडलेल्यांना तो देऊ नये, असे उपचार करणारेच सांगतात. पोटाचा घेर मोजण्यापूर्वी ही तपासणी किती ठिकाणी होते, हे शासनातील कोणीही विचारलेले नाही.

लाज हा कच्चा माल

वायूची किंमत नगण्य आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्यांत मळी आंबवताना तो टनावारी निघतो आणि शुद्ध करून सोड्याच्या बाटलीतही भरला जातो. मग बैठकीला हजारो रुपये पडतात ते कशाचे? यंत्राचे, थंड हवेच्या खोलीचे, आणि मुख्यतः गिऱ्हाइकाच्या मनात आधी पेरून ठेवलेल्या लाजेचे. ही लाज आपोआप उगवत नाही. मांडीवरच्या खळग्यांना ‘सेल्युलाइट’ हे रोगासारखे नाव फ्रान्समध्ये रूढ झाले, आणि १९६८ साली ‘व्होग’ मासिकाने अमेरिकन स्त्रियांना त्याची ओळख करून दिली. बहुसंख्य प्रौढ स्त्रियांच्या शरीरावर निसर्गतः जे असते, त्याला एका शब्दाने विकार बनवण्यात आले. भारतात हेच काम रंगाच्या बाबतीत झाले. हिंदुस्थान लीव्हरने १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. २०२० साली जगभर वर्णद्वेषविरोधी चळवळ उठल्यावर कंपनीने त्यातील गोरेपणाचा शब्द काढून ‘ग्लो’ हा शब्द घातला. नाव बदलले, डबी राहिली.

डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनी सौंदर्य आणि कातडीचा रंग ह्यांविषयी लिहिले, तेव्हा राजकारण्याने असल्या विषयात पडावे काय, असे अनेकांना वाटले असेल. परंतु गोऱ्या रंगाला जगात मिळालेला मान सौंदर्यदृष्टीतून आला नसून गोऱ्यांच्या सत्तेतून आला आहे, हे त्यांनी ओळखले होते. सत्ता ज्याच्या हाती, त्याचे शरीर सुंदर ठरते. आज ती सत्ता जाहिरातीच्या हाती आहे, एवढाच फरक.

त्याच बाजाराचे दुसरे टोक

त्वचारोगतज्ज्ञाच्या पदव्युत्तर पदवीच्या नावात त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे तीन शब्द असतात. शहरातील चकचकीत पाटीवर त्यांतला पहिलाच उरतो, आणि त्याच्या जोडीला केस, लेसर आणि सौंदर्य हे शब्द येतात. कुष्ठरोग मात्र उरलेला आहे. २००५ च्या अखेरीस देशाने तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून दूर झाल्याचे जाहीर केले, तरी २०२२ साली भारतात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक ते होत. अंगावरचा बधिर चट्टा शोधत खेडोपाडी दार ठोठावणारी आशा सेविका त्या पदवीधराची वास्तविक सहकारी आहे. आणि पुरेशा मोबदल्यासाठी तिला पुन्हा पुन्हा संप करावा लागतो. जनतेच्या पैशाने चालणाऱ्या महाविद्यालयांतील त्वचारोगाच्या जागा गुणवंत विद्यार्थी आधी पटकावतात, आणि ते शिक्षण अखेर कोणाच्या कातडीच्या कामी येते, हे वेगळे सांगावयास नको.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. पाळीमुळे एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, आणि खाजगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो; ह्या दोहोंच्या कात्रीत सापडून तरुण स्त्रिया गर्भाशय काढून टाकत होत्या. शहरातील गिऱ्हाईक आणि फडातील कामगार ह्यांच्या दुःखांची बरोबरी होऊ शकत नाही. एकीचे पैसे जातात, दुसरीचा अवयव जातो. पण दोघींना विकले गेले ते एकाच दुकानातून: गरज नसलेला उपचार, भीती किंवा लाज दाखवून.

यावर ‘शरीर तिचे, पैसा तिचा, निवड तिची’ असे उत्तर दिले जाते. शरीर स्त्रीचे आहे, हे तत्त्व समाजवाद्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. नटण्याला, अंगावरच्या खुणा झाकण्याला त्यांचा विरोध नाही. भाजल्याच्या व्रणावर किंवा कोडावर उपचार मागणाऱ्या मुलीची मागणी तर न्याय्यच आहे. परंतु निवड म्हणावयाची तर खरी माहिती समोर असावी लागते. फळ सहा महिनेही टिकत नाही, हे दरपत्रकावर छापले जाते काय? स्वागतकक्षात, दुकानात, विमानात नोकरी करणाऱ्या मुलीच्या पगाराशी जेव्हा तिचा चेहरा बांधलेला असतो, तेव्हा तिच्या निवडीत मालकाची निवड किती असते?

मागावयाचे काय

१९५४ च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लठ्ठपणावरील औषधांच्या जाहिरातींना बंदी केली आहे. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम घडवण्यासाठी योजलेली वस्तू त्या कायद्याच्या औषधाच्या व्याख्येत येते. टोचलेला वायू तिच्यात बसत नाही, असे म्हणणे कठीण आहे. डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण ओढू नयेत, असे २००२ चे व्यवसायनीतीचे नियमही सांगतात. २०२० साली केंद्र सरकारने गोरेपणा व अकाली वार्धक्य ह्यांचे दावे करणाऱ्या जाहिरातींवर जबर दंड बसवणारा मसुदा प्रसिद्ध केला होता. म्हणजे उणीव कायद्याची नाही, तो राबवण्याच्या इच्छेची आहे.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. अशा जाहिराती गोळा करून अन्न व औषध प्रशासनाकडे आणि वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रारी नोंदवाव्यात व उत्तर मिळेपर्यंत पाठ सोडू नये. उपचारापूर्वी त्याचा पुरावा, अपाय व एकूण खर्च मराठीत लिहून देणे प्रत्येक दवाखान्यास सक्तीचे व्हावे, अशी मागणी लावून धरावी. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पूर्णवेळ त्वचारोगतज्ज्ञ व मधुमेहाच्या पायाची देखभाल करणारा विभाग असावा, ह्यासाठी लढावे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के रक्कम २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले होते. ते वचन पाळले गेलेले नाही.

रुआयाच्या डॉक्टरांनी वायूची सुई उचलली, ती न भरणाऱ्या जखमेसाठी. अशा जखमा घेऊन अनवाणी वा फाटक्या चपलांत हिंडणारे मधुमेही महाराष्ट्राच्या गावोगाव आहेत. ह्या स्वस्त वायूचा त्यांना खरोखर काही उपयोग होईल काय, हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी रीतसर तपासून पाहावे. झाला तर तो त्यांना फुकट मिळावा, आणि न झाला तर तसे स्पष्ट जाहीर करावे. सौंदर्य-दवाखाने हा प्रश्न कधीच विचारणार नाहीत, कारण त्याच्या उत्तरात त्यांचा नफा नाही. तो विचारण्याचे काम चळवळीचे आहे.